पंखा थांबेपर्यंत

४ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन करत जाऊ नकोस. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून ‘हो हो’ म्हणतो, आणि मग कळतं की मी कशाला तरी हो म्हणून बसलोय. मागच्या वेळच्या तसल्याच होकारावर तू मला ब्लँकेट पाठवलंस. जन्म इंजिनात गेला, कान तिथेच राहिले. पत्र बरं. पत्रात तू कितीही ओरडलीस तरी मला चष्मा काढून ठेवता येतो.

काम असं आहे. शेडच्या मागच्या रुळावर म्हातारी उभी आहे, तुला ठाऊकच आहे. मी जिच्यावर ड्रायव्हर झालो आणि जिच्यावरून निवृत्त झालो, ती. परवा तुमच्या ऑफिसातले कुणी साहेब आले. लांबूनच त्यांनी तिच्याकडे बघितलं, वजन विचारलं आणि खडूने फुली मारून गेले. डॉक्टरसुद्धा निदान नाडी धरल्याचं सोंग करतो.

मी आणि बारक्या दर आठवड्याला तिच्याकडे जातो. बारक्या म्हणजे माझा असिस्टंट, दारातून आडवा शिरणारा. आठवला? आम्ही तिचं इंजिन हाताने फिरवतो. लांब दांडा लावायचा, एकाने ओढायचं, दुसऱ्याने आत बत्ती धरून बघायचं. नुसतं उभं राहिलेलं इंजिन आतल्या आत धरतं, आमच्या गुडघ्यांसारखं. फिरवत राहिलं की उद्या सुरू करता येतं. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी अडवलेलंही नाही. फोरमन आमच्याकडे पाठ करून चहा पितो, एवढी त्याची परवानगी.

तू विक्री विभागात आहेस. भंगाराच्या यादीतून तिला वाचवता येतं का बघ. सगळ्या रांगेला वाचव म्हणत नाही. एक.

तुझा काका


१९ जानेवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

ब्लँकेट वापरा. परत पाठवलंत तर दोन पाठवीन.

म्हातारीचे कागद बघितले. आमच्याकडे तिच्या नावावर तीन रकाने आहेत : लोखंड, तांबं आणि ‘इतर’. तुमची सगळी नोकरी बहुधा ‘इतर’मध्ये धरलेली असावी. साहेबांना मी म्हटलं, हे इंजिन जुन्या घडणीचं आहे, अशी आता राहिली नाहीत. ते म्हणाले, “राहिली नाहीत, कारण आपण विकली. त्यात नवीन काय?” या माणसाला बढती का मिळते ते मला त्या क्षणी कळलं.

पण एक फट आहे. मुख्य कचेरीत वारसा समिती नावाचं प्रकरण निघालंय. समितीच्या अध्यक्षांना इमारतीसमोर एक जुनं इंजिन मांडायचं आहे. ते स्वतः कधी इंजिनात चढले नाहीत, म्हणून त्यांना इंजिनांबद्दल फार जिव्हाळा आहे. मी अर्ज लिहायला घेतला आहे.

बारक्याकाकांना नमस्कार सांगा. दांडा ओढताना तुम्ही बत्ती धरा, ओढायचं काम त्यांना करू द्या.

तुमची,
भोंगा


२७ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

झालं. म्हातारी वाचली.

वारसा म्हणजे काय, हे समितीने एका बैठकीत उरकलं. रंग कोणता द्यायचा, यावर अजून बैठका चालू आहेत. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना फिकट निळा आवडतो, तेव्हा निकाल काय लागणार ते उघड आहे. पण भंगाराच्या यादीतून तिचं नाव मी स्वतःच्या हाताने खोडलं. चौथरा बांधायला घेतला आहे. पितळी पाटीसुद्धा टाकली करायला, म्हातारीचा नंबर कोरून.

अर्जात एक अडचण होती. ‘इंजिनाची स्थिती’ असा रकाना होता. फक्त न चालणारं इंजिनच जतन करता येतं, असा नियम आहे. मी ‘बंद’ लिहून टाकलं. तुम्ही दांडा लावून काय करता, ते समितीला कशाला सांगायचं?

चौथरा कुठे येणार आहे माहीत आहे? माझ्या खिडकीच्या बरोबर खाली. आता सांगा, पुतणी कामाची आहे की नाही.

भोंगा


८ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बारक्याला वाचून दाखवलं. तो नुसता नाक शिंकरत राहिला. तुझ्या बापाला मुलगी झाली तेव्हाही त्याने असंच केलं होतं.

तू कामाची आहेस. पण ‘बंद’ लिहिलंस ते मनाला लागलं. ती बंद नाही, उभी आहे. असो, नियम आहे म्हणतेस.

आता काही गोष्टी विचारून ठेव. तिथे तिला हाताने कोण फिरवणार? कुणी नसेल तर बारक्या आणि मी महिन्यातून एकदा येऊ, रेल्वेचा पास आहे, खर्च नाही. बॅटऱ्या नव्या घ्याव्या लागतील. चौथऱ्यावर थोडा तरी रूळ पुढे ठेवा, वर्षातून एकदा चार पावलं पुढे-मागे केली तरी पुरे.

आणि जो कुणी ती सुरू करेल त्याला पंख्याचं सांग. तुला आठवत असेल. शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन तू शेडमध्ये यायचीस आणि तोंडाचा पट्टा चालू. फक्त एका वेळी तुला आम्ही गप्प करायचो. इंजिन बंद केलं तरी टर्बोचा पंखा, इंजिनात हवा कोंबणारा, आपल्या ओढीने फिरत राहतो. तब्येत चांगली असेल तर सूर उतरवत सावकाश थांबतो. बेअरिंग गेलं असेल तर खरखरून चटकन बसतो. म्हणून पंखा थांबेपर्यंत शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, हातोडा उचलायचा नाही, इंजिनावरून खाली उतरायचं नाही. साहेब आला असेल तर साहेबानेही गप्प उभं राहायचं. साहेब गप्प बसण्याची तेवढीच वेळ.

म्हातारीचा पंखा तुझ्या बापाने बसवलेला आहे. त्याच्या हातचं शेवटचं काम.

काका


२१ मार्च

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं मिळवली. ती लिहायला दोनदा बसले आणि दोनदा उठले.

चौथऱ्यावर इंजिन मांडायचे नियम छापील आहेत. तेल सगळं काढायचं. डिझेलच्या टाकीत काँक्रीट भरायचं, म्हणजे आग लागण्याची भीती नको. दारं झाळून टाकायची, म्हणजे आत कुणी बिऱ्हाड करायला नको. चाकं रुळाला झाळायची. चाकं फिरवणाऱ्या मोटारी काढून घ्यायच्या, कारण त्यांत तांबं असतं आणि तांबं चोरीला जातं. चोरांच्या आधी आपणच काढलं की चोरीचा प्रश्न सुटतो. ते तांबं विकून चौथऱ्याचा खर्च भागवणार आहेत. म्हणजे म्हातारीचं जतन म्हातारीच्याच पोटातल्या तांब्यावर होणार. टर्बोही जाईल, त्याच्या धातूला चांगला भाव आहे.

तेव्हा फिरवायला यायची गरज नाही.

काका, असं बघा. एरवी तिचं काय झालं असतं? कापायची गॅसची नळी आणि चार दिवस. त्यापेक्षा अंगाने तरी राहील. पोरं बघतील. मी बघेन.

भोंगा


२ मे

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत बरी आहे, काळजी नको.

इथून जवळच एक दगडाची खाण आहे. मालकीण बाई आहेत, नवऱ्यामागे खाण त्याच चालवतात. दगडाचे डबे खाणीतून मोठ्या लाइनपर्यंत ओढायला त्यांना इंजिन लागतं. नवं परवडत नाही, म्हणून त्या भंगाराच्या लिलावात जुनी घेतात आणि चालवतात. गेल्या आठवड्यात शेडमध्ये आल्या, फुल्या मारलेली रांग बघत. आम्ही म्हातारीला दांडा लावून होतो. बाई उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे फिरतं?” बारक्या म्हणाला, “आमच्यापेक्षा बरं फिरतं.” बाईंनी पदर खोचला, आत चढल्या, वंगण बोटावर घेऊन चोळून बघितलं. “हे माझ्या नावावर कसं होईल?” म्हणाल्या. मी म्हटलं, आता नाही होणार, हिला मान मिळालाय.

भोंग्या, तिचा मान काढून घे. तिला भंगाराच्या यादीत परत घाल.

तू किती खटपट केलीस ते मला कळतं. तरी मागतोय.

काका


११ मे

ती. काकांस,
नमस्कार.

साष्टांग घालायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुम्ही सांगितलंत वाचव, मी वाचवलं. साहेबांचे टोमणे ऐकले, अध्यक्षांच्या घरी जाऊन फिकट निळ्याचं कौतुक केलं, सौभाग्यवतींनी केलेलं सरबत दोन पेले प्याले. आता तुम्ही म्हणता, यादीत परत घाल, कारण कुणा बाईंनी बोटावर वंगण चोळून बघितलं. उद्या लोखंडाचा भाव चढला तर त्याच बाई तिला कापून विकतील. लिलावात कापणारे ठेकेदारही बसलेले असतात. एखाद्याने जास्त बोली लावली की संपलं, मग मी काहीही करू शकत नाही, आणि करणारही नाही. चौथऱ्यावर निदान कुणी हात लावणार नाही.

आणि एक सांगून टाकते. बाबा गेले तेव्हा शेडवाल्यांनी त्यांची पेटी घरी आणून दिली, आत पाने-पकडी आणि हातरुमाल. त्यांनी केलेली एकही वस्तू माझ्याकडे नाही, कारण त्यांनी केलेलं सगळं रुळांवर धावत होतं. सकाळी ऑफिसात आले की खिडकीतून खाली बघायचं, तिथे ती असायची, एवढंच मला हवं होतं. तुमच्यासाठी केलं असं मी म्हणत होते. निम्मं माझ्यासाठी होतं.

भोंगा


२० मे

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. चष्मा काढला नाही.

तुझ्या खिडकीखाली काय येईल, त्याचा विचार कर. पंखा काढलेला असेल. तुझ्या बापाने त्यात जे केलं होतं ते किलोच्या भावाने विकलं गेलेलं असेल. वरचा पत्रा राहील, निळा. तो पत्रा तुझ्या बापाने केलेला नाही.

तुझं म्हणणंही खरं आहे. बाईंकडे ती किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. ठेकेदाराने घेतली तर एक दिवसही नाही. बाईंकडे गेली तरी एक दिवस मोडेल आणि बाई तिला विकतील, त्यांची खाण आहे, देवस्थान नाही. पण मोडेपर्यंत ती काम करेल. मी तिला कधी शोभेला उभी बघितलेली नाही, त्यामुळे मला त्याची सवय नाही.

तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही आणि ब्लँकेट परत करणार नाही.

काका


१४ जून

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

मी काही विशेष केलं नाही. खरं तेवढं लिहिलं. ‘स्थिती’च्या रकान्यातला ‘बंद’ खोडून ‘चालू होण्यासारखी’ असं लिहिलं आणि खाली सही केली. समितीचा शेरा आला तो जसाच्या तसा देते : ‘इंजिन चालू स्थितीत असल्याने जतनास अपात्र. सबब भंगारात काढावे.’ हा कागद चौकट करून भिंतीवर लावावा असा आहे.

अध्यक्ष दुखावले. साहेबांनी माझी बदली स्टेशनरी विभागात केली. तिथे मी पेन्सिलींचा हिशेब ठेवते. पेन्सिली बोलत नाहीत, तेवढं बरं. खिडकी मात्र तीच राहिली, कारण ती खोली दुसऱ्या कुणाला नको होती.

चौथरा तयार, समारंभाची तारीख ठरलेली, म्हणून दूरच्या एका शेडमधून दुसरंच इंजिन आणणार आहेत. खरोखरचं बंद. पितळी पाटी म्हातारीच्या नंबराची आहे, पण ती नव्याने करायला मंजुरी घ्यावी लागेल, म्हणून तीच लावणार. “नंबर कोण वाचतो?” असं साहेब म्हणाले.

लिलाव पुढच्या महिन्यात. माझा त्याच्याशी आता संबंध नाही. दिवसभर दुसरं काही सुचत नाही, ते वेगळं.

भोंगा


३० ऑगस्ट

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

लिलावात कापणारे ठेकेदार दोघं होते. त्यांची बोली लोखंडाच्या वजनाच्या भावापाशी थांबली. बाई वजनाच्या पुढे गेल्या. एक ठेकेदार त्यांना हसून म्हणाला, “बाई, लोखंड आहे ते.” बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे गेलं तर.”

खाणीवर ती सुरू केली ते तू बघितलंसच, पण लिहितो, कारण मला लिहायचं आहे. पहिल्या खेपेला ती खोकली. दुसऱ्या खेपेला धूर सोडला, बारक्याचा सदरा काळा केला आणि लागली. तू रजा काढून आलीस ते बरं केलंस. बाईंच्या ड्रायव्हरला, कालपरवापर्यंत ट्रक चालवणाऱ्या त्या ट्रकवाल्याला, मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी त्याने इंजिन बंद केल्याबरोबर तोंड उघडलं. तू त्याच्याकडे अशी बघितलीस की ते मिटलं. मग पंखा थांबेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. तू गेल्यावर बाईंनी मला विचारलं, “हिलाच तुम्ही भोंगा म्हणता?”

मी आठवड्यातून दोनदा जातो, ट्रकवाल्याला शिकवायला. तो इंजिनालाही स्टिअरिंग शोधतो. येईल हळूहळू.

काका


३ ऑक्टोबर

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

म्हातारीला खाणीत वर्ष झालं. मागच्या वर्षी याच सुमाराला मी तुला लिहिलं होतं की म्हातारी बाईंच्या दोन्ही जुन्या इंजिनांपेक्षा जास्त दगड ओढते. ते लिहिलं हे बरं झालं.

आता क्रँक, इंजिनाचा कणा, तडकला. चढावर भरलेले डबे होते, आवाज बदलला म्हणून ट्रकवाल्याने ताबडतोब थांबवली, घाई केली नाही, डबे मागे जाऊ दिले नाहीत. आता तो ड्रायव्हर झाला. मी पोचलो तेव्हा ती हळू चालू ठेवलेली होती. बाई म्हणाल्या, “बंद तुम्ही करा.”

मी बंद केली. खाणीतली माणसं होती, बाई होत्या, बारक्या होता. सगळे आपसूक गप्प झाले. दगड फोडायचं यंत्रसुद्धा कुणीतरी थांबवलं.

तुला एक सांगतो, इतके दिवस सांगितलं नव्हतं. पंख्याचा आवाज मला केव्हाच ऐकू येत नाही. मागच्या वर्षी तू आलीस तेव्हाही आला नव्हता. मी कठड्यावर हात ठेवतो, हाताला कळतो. या वेळीही ठेवला. क्रँक गेलेला, पण पंख्याला काही झालेलं नव्हतं. मुंगी चालावी तसा शेवटी लागत होता, आणि मग लागेना. तरी मी हात काढला नाही, कारण कान गेलेल्या माणसाला वाटतं की आपल्यालाच कळलं नसेल. बारक्याने खांद्याला हात लावून सांगितलं, थांबला. सावकाश थांबला, दादा.

तुझ्या बापाचं काम चांगलं होतं.

पुढे बाईंनी तिला विकली. ठेकेदाराची माणसं कापायला लागली तेव्हा मी निघालो. बारक्या मात्र थांबला. म्हणाला, घरचं कुणीतरी हवं.

तू पुन्हापुन्हा बोलावतेस, तर पुढच्या महिन्यात येतो.

काका


२६ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू दिलेलं दुसरं ब्लँकेट बारक्याला दिलं, त्याला ते पोटापुरतंच येतं.

तुझ्या खिडकीखाली, म्हातारीच्या जागी आणलेल्या त्या निळीपाशी मी उभा राहिलो, तेव्हा तुला वाटलं की मला वाईट वाटतंय. तसं नव्हतं. मी तिला बघत होतो. चढायची पायरी एका बाजूने झिजलेली आहे. कुणीतरी डावखुरा तिच्यावर पुष्कळ वर्षं चढला असणार. दाराच्या कडेला रंगाखाली काहीतरी ओरखडलेलं आहे, हाताला लागतं, वाचता येत नाही. मागच्या जोडावर तिचा मूळ नंबर अजून आहे, रंग पोचला नाही तिथे. सोबतच्या कागदावर तो उतरवून दिला आहे.

आपली म्हातारी गेली, तिची पाटी तिथे नको. या निळीला तिचा स्वतःचा नंबर द्या. तिचंही कुणी असेल. त्याने शोधायचं ठरवलं तर त्याला काय सापडेल, भलतीच पाटी.

स्टेशनरी विभागाला हे जमेल का?

काका


९ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

मंजुरीला अर्ज केला असता तर मी निवृत्त झाले असते. म्हणून रंगाचा डबा आणि ब्रश स्टेशनरीच्या खर्चात घातला, साहेबांनी न वाचता सही केली. पितळी पाटी रविवारी स्वतः काढली. ती माझ्या घरी आहे, बाबांच्या पेटीत. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तुम्ही दिलेला नंबर लिहिला. तीनचा आकडा जरा वाकडा आला आहे. साहेब रोज त्याच्यासमोरून जातात, अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काल दुपारी एक वयस्क बाई आल्या होत्या, पेन्शनच्या कामाला असाव्यात, हातात कागदांची पिशवी होती. फाटकाकडे जाता जाता थांबल्या. नंबर वाचला. पिशवीतून चष्मा काढून परत वाचला. मग चौथऱ्याची पायरी चढून वर गेल्या, डाव्या हाताने इंजिनाचा कठडा धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

मी खिडकीत होते. खाली जावं असं वाटलं. पण त्यांनी हात काढला नव्हता. आत पंखा नाही, हे त्यांना मी सांगायला गेले नाही. त्या खाली उतरेपर्यंत मी खिडकीतच थांबले, आणि खोलीत कुणी येऊन बोलायला लागलं तर हाताने गप्प केलं.

तुमची,
भोंगा